इस्माईलभाईंचा शिफ्टचा तक्ता

त्र्याऐंशी साली आम्ही उरवड्यात इस्माईलभाईंच्या पुढच्या दोन खोल्यांत भाड्यानं राहत होतो. आमचे हे गावाबाहेरच्या कारखान्यात सुपरवायझर, इस्माईलभाई तिथले टाइमकीपर. दर शनिवारी दुपारी ते ओट्यावर बसून पुढच्या आठवड्याचा शिफ्टचा तक्ता आखायचे. एक आठवडा सकाळची शिफ्ट, एक आठवडा दुपारी तीन ते अकरा. आपल्या तक्त्यात कुणाचा वशिला चालत नाही, याचा त्यांना फार अभिमान.

भैरू शेजारचाच, त्याच कारखान्यात कामाला. इस्माईलभाई तान्हे असतानाच त्यांची आई गेली. भैरूच्या आईनं, गोजराबाईंनी, दोघांना एकत्रच अंगावर पाजलं होतं. इस्माईलभाई त्यांना मावशी म्हणायचे.

भाद्रपदातल्या एका शनिवारी भैरू ओट्याशी येऊन उभा राहिला. "इस्माईल, रत्ना बाळंतपणाला माहेरी गेलीया. आईला दिवेलागणीनंतर दिसत न्हाई, तुला ठावं हाय. रत्ना येईस्तवर मला सकाळचीच ठेव."

इस्माईलभाईंनी पेन्सिलीनं नाव लिहिलं आणि खोडलं. "सोमवारपासनं तुझी दुपारची हाय. दुसरा कुनी असता तर केलंबी असतं. तुझं केलं की लोकं म्हनत्याल, दूधभावाला सांभाळतोय."

"म्हंजी परका असतो तर बरं झालं असतं म्हन की!" भैरू हसला, पण नीट हसला नाही.

सोमवारी आणि मंगळवारी संध्याकाळी मी गोजराबाईंपाशी जाऊन बसले. अंधार पडू लागला की त्या दर थोड्या वेळानं विचारायच्या, "बाई, भैरू आला का बघ." बुधवारी आमच्या धाकट्याला ताप भरला. मी गेले नाही.

त्या रात्री गोजराबाई काठी घेऊन भैरूला बघायला कारखान्याच्या वाटेनं निघाल्या होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी ओढ्यात सापडल्या.

शनिवारी नेहमीसारखा तक्ता झाला. क्रमानं भैरूची सकाळची शिफ्ट आली. न मागता.

त्यानंतर दिवेलागणीला इस्माईलभाई हातातलं काम टाकून दाराशी जायचे. "मावशी, ये की आत," म्हणायचे. त्यांची बायको सुरैया माझा हात धरून पुटपुटायची, "ह्ये म्हनत्यात, ओट्यावर काठी वाजली." मी तिला म्हणायचे, वाऱ्यानं वाजलं असेल काहीतरी. काठी मलाही ऐकू यायची, हे तिला कधी सांगितलं नाही.

तक्ता करण्याआधी ते आता प्रत्येकाला विचारू लागले, घरी कोण आजारी, कुणाचं पोर लहान, कुणाची म्हातारी एकटी. कारखान्याचे मोठे साहेब एकदा वैतागून म्हणाले, "इस्माईल, तक्ता करतोस का रेशनकार्ड?" इस्माईलभाई खाली मान घालून लिहीत राहिले. विचारायचा राहिला तो भैरू. तो आमच्या ओट्याकडे फिरकतच नव्हता.

दिवाळीनंतर एका शनिवारी तो आला. बसला नाही.

"रत्ना आलीया बाळाला घिऊन. पानी लांबून आनावं लागतं. सकाळचा मी घरी पायजे. महिनाभर दुपारचीच लाव."

इस्माईलभाईंनी लगेच पेनानं लिहिलं. पुढच्या चारही आठवड्यांचं, एकदमच.

"आन् लोकं काय म्हनत्याल?" भैरूनं विचारलं.

"म्हनू दे."

"हे तवा म्हनायचं व्हतंस," असं म्हणून तो गेला.

सोमवारी तक्ता गेटवर लागला. संध्याकाळी हे घरी आले तेव्हा इस्माईलभाई ओट्यावरच उभे होते. "साहेब, भैरूच्या ड्युटीवरनं कुनी काय बोललं का?"

"कोण बोलणार? सगळ्यांना त्याचं घर ठाऊक आहे."

मंगळवारी त्यांनी पुन्हा विचारलं. बुधवारीही. महिना संपेपर्यंत रोज विचारत राहिले. निदान एखादा तरी कुरकुरला असेल, या आशेनं ते ह्यांच्या तोंडाकडे बघायचे. हे मान हलवायचे. मग इस्माईलभाई ओट्यावरच खाली बसायचे.

कुणीच काही म्हणालं नव्हतं.