चवळीखाऊ न्येलेनी

न्येलेनी कुलिबाली मुळातली बडबडी. पण मालीच्या राजधानीत, बामाकोला शिकायला गेली आणि संशोधकानं कसं अगदी तटस्थ असावं हे कुणीतरी तिच्या डोक्यात भरवलं. तेव्हापासून ती गावात जाताना आडनाव घरीच ठेवून जायची. मालीत ठराविक आडनावांची माणसं एकमेकांना हक्कानं चिडवतात, आणि कुलिबाली म्हणजे चवळीखाऊ. आडनाव सांगितलं की थट्टा सुरू, आणि थट्टेत कसलं आलंय संशोधन!

तिचा विषय होता सवतींचा संसार. सिकासोकडच्या त्या गावात घरोघरी एकच उत्तर मिळालं, "आमचं छान चाललंय, मॅडम." तिच्या मार्गदर्शकांनी, केइता सरांनी, प्रबंध परत पाठवला. "सगळ्या सवती इतक्या गोड? आणि यात तू कुठे आहेस? ते कळल्याशिवाय पदवी नाही."

म्हणून ती रडवेल्या तोंडानं पुन्हा गावात आली. दुपारी मुसोकोरो त्राओरेनं, घरातल्या थोरल्या सवतीनं, शिजवलेल्या चवळीचं भांडं पुढे सरकवलं. भूक सपाटून लागलेली. न्येलेनीनं बोटं चाटली, परत हात घातला, मग आणखी एकदा.

मुसोकोरो टक लावून बघत होती. "पोरी, तुझं आडनाव काय गं?"

"कुलिबाली," ती पुटपुटली. पितळ उघडं पडलं.

अंगणात एकच हशा उसळला. "अगं बाई, चवळीखाऊ! गुपचूप शिरली की घरात! भांडी लपवा गं!"

"गप्प बसा! त्राओरे म्हणजे आमच्या घरचे गडी," न्येलेनीच्या तोंडून निघून गेलं, अगदी तिची आजी म्हणायची तसं. किती दिवसांनी ती अशी पोट धरून हसली!

मग धाकटी सवत पुढे सरसावली. "लिही गं चवळीखाऊ, ही थोरली साबण लपवते."

"आणि हिचा रांधायचा वार असला की नवरा रश्शाला मटण आणतो, माझ्या वाराला नुसतं पाणी!" मुसोकोरो म्हणाली, आणि दोघी एकमेकींना टाळ्या देत हसल्या.

परतीच्या वाटेवर न्येलेनी खुशीत होती. खरं काय ते शेवटी हाती लागलं होतं. पण लागलं होतं का? मॅडमला सभ्य उत्तर मिळालं, चवळीखाऊला चटकदार. बायका त्याच, बदलली होती ती स्वतः. म्हणजे दोन्ही उत्तरांत तिचा वाटा होता, आणि ती मात्र आपण तिथे नव्हतोच असं लिहीत बसली होती. तिला एकदम हलकं वाटलं. तिनं दोन्ही उत्तरं शेजारी शेजारी मांडली आणि त्यांच्या आधी लिहिलं, "मी न्येलेनी कुलिबाली. मी चवळी खाते, आणि हे त्या गावाला ठाऊक आहे."

केइता सरांनी पहिलं पान वाचलं आणि खुर्चीत मागे रेलून खो खो हसले. पोरीला आजवर त्यांनी 'मिस'शिवाय हाक मारली नव्हती.

"दिसलीस गं एकदाची, चवळीखाऊ!" म्हणाले, आणि सही केली.