अमार्ना आणि माझी अन्नपूर्णा

इजिप्तच्या एका फॅरोने ओसाड माळावर अमार्नाला नवी राजधानी वसवली. देव एकच, सूर्यबिंब. बाकीचे बाद. जुन्या देवांची नावं भिंतींवरून खरवडून काढायला त्याने माणसं धाडली. ऑकलंडला विद्यापीठात संध्याकाळच्या वर्गात मी हे शिकत होते, आणि त्या राजाचा मला मनापासून राग येत होता. कारण तसलाच एक राजा ऑकलंडच्याच मनुरेवा उपनगरात माझ्या घरी होता.

माझा नवरा त्या वर्षी एका गुरूंच्या भजनी लागला होता. एके दिवशी त्याने फर्मान काढलं, "देव्हाऱ्यात आता फक्त गुरूंचा फोटो. बाकीचे देव विसर्जन करायचे."

"अरे, अन्नपूर्णा मला लग्नात आईने दिलीय!"

"अगं, मूर्तीत काय अडकून बसायचं?"

मी कडाकडा भांडले. तो नुसता हसला.

अमार्नाच्या उत्खननात साध्या घरांमधून जुन्या देवांचे चिमुकले ताईत सापडले, असं त्याच आठवड्यात वर्गात कळलं. राजाच्या नाकावर टिच्चून कुणीतरी ते जपले होते. बायकांनीच, दुसरं कोण? मी ठरवलं, माझी अन्नपूर्णा कुठेही जाणार नाही.

शनिवारी अंघोळ करून आले तर देव्हारा रिकामा. लेक म्हणाली, "मम, बाबा टुक देम टू द बीच." मी दुसरी गाडी काढली.

नवरा नदीकाठी वाढलेला. विसर्जनाला गेलं की पाणी असतंच, एवढंच त्याला ठाऊक. भरती-ओहोटीची वेळ बघायचं त्याच्या डोक्यातही आलं नव्हतं. खाडी पार आटलेली, लांबवर नुसता चिखल. त्यात हा गुडघाभर रुतून आपली जँडल, म्हणजे इथली रबरी चप्पल, उपसत होता, आणि पुढे चिखलात आमचे देव ओळीने बसलेले. मला हसू फुटलं, मग रडूच आलं.

सलवार वर खोचून मी आत शिरले. देव एकेक करून ओढणीत बांधले.

"गुरुजींना काय सांगू?" तो पुटपुटला.

"सांग, बायको ऐकत नाही."

घरी येऊन मी देव चिंचेने घासले आणि अन्नपूर्णेला तांदळात बसवलं. तो दारात उभा होता, गुरूंचा फोटो आता मी बाहेर काढणार अशा धास्तीने. मी फोटो पुसला आणि तिच्या शेजारी ठेवला. कुणाचा देव उचलून टाकणं माझ्याच्याने होणार नव्हतं.