टबातलं पाणी

लातूरला आमच्या वरच्या खोलीतला भाडेकरू सिनेमांसाठी कॉम्प्युटरवर पाणी बनवायचा. रोज गच्चीवर तांब्याने टबात पाणी ओतायचा आणि ते कसं हलतं ते उकिडवं बसून बघायचा. एकदा मी अंगणात चूळ टाकली, तर वरून ओरडला, “काका, पाणी लई भारी फुटलं! अजून एकदा टाका की!”

“मी काय कारंजं हाय का?”

त्या रागात, नळाला आठ दिवसांनी येणारं पाणी हा उधळतो, असं मी गल्लीभर सांगितलं. आमच्या दोघांच्या घरमालकाने त्याला खोली सोडायला लावली.

आता कबूल करतो, टबात आठवडाभर तेच पाणी असायचं, त्यातलंच तांब्याने काढून तो परत ओतायचा. त्यातली मेलेली माशीसुद्धा माझ्या ओळखीची झाली होती.

परवा टीव्हीवरच्या सिनेमात एका राक्षसाने गिळलेला समुद्र थुंकला. थेंब न् थेंब माझी चूळ होती.