आधी पाणी, मग देणगी

दान देणाऱ्याच्या दारात किती तऱ्हेची माणसं येतात, हे ज्यानं ते दार सांभाळलंय त्यालाच ठाऊक! मी जयपुरात एका नव्या ट्रस्टची सेक्रेटरी होते. पगार बेताचा, खुर्ची डुगडुगती, पण किस्से असे साठत गेले, की आमच्या मराठी मंडळींच्या हळदीकुंकवाला बायका आल्या आल्या मलाच गाठायच्या. "काय गं कुसुम, तुझ्या काकीसांनी नवीन काय केलं?" मग मी सुरू व्हायची आणि वाटली डाळ तशीच राहायची.

राजस्थान तेव्हा नवं नवं राज्य झालं होतं. काकीसा म्हणजे जोहरी बाजारातल्या एका जवाहिऱ्याच्या विधवा. मूलबाळ नाही. नवऱ्याच्या मागे त्यांनी ट्रस्ट काढला आणि ठरवलं, की द्यायचं ते इथल्याच लोकांना, जयपुरात आणि आसपास. त्यांचा पुतण्या वकील होता, त्याला सगळे वकीलसाहेब म्हणत. काकीसा, वकीलसाहेब आणि मी, एवढाच आमचा ट्रस्ट. ड्रायव्हर नाथूजींना मत नव्हतं, पण ते द्यायचे.

०००

माझा इंटरव्ह्यू काकीसांच्या हवेलीतच झाला. काकीसा चिकाच्या पडद्याआड बसलेल्या, वकीलसाहेब समोर. त्यांनी माझं इंग्रजी तपासलं, टायपिंग तपासलं, आमचे हे कॉलेजात काय शिकवतात तेही विचारून घेतलं. शेवटी पडद्याआडून आवाज आला, "थांको पीहर कठै?"

थांको म्हणजे तुमचं आणि पीहर म्हणजे माहेर, एवढं मला तोवर कळायला लागलं होतं. म्हटलं, "सातारा."

"जयपुरात नातेवाईक?"

"एकही नाही."

"मग हीच ठेवा," काकीसा पुतण्याला म्हणाल्या. "इथली कुणी ठेवली तर ती कुणाची तरी भावजय निघते, आणि मग सगळे पैसे त्याच घरात!"

नातेवाईक नसल्यामुळे नोकरी मिळालेली जयपुरातली मी पहिलीच बाई असेन!

०००

काकीसांची देण्याची रीत अगदी सरळ होती. अर्ज कितीही सुबक असो, त्या स्वतः पडद्याच्या मोटारीतून तिथे जाणार, बसणार आणि प्यायला पाणी मागणार. जिथलं पाणी प्यायलं नाही, तिथे देणगी नाही. वकीलसाहेबांनी हा नियम इंग्रजीत घालायचा फार प्रयत्न केला. शेवटी 'साइट इन्स्पेक्शन' असं लिहून मोकळे झाले.

पहिलीच भेट शहरातल्या एका शाळेची. मॅनेजर तुपकट चेहऱ्याचा. टेबलावर सरबत, घेवर, काजू, सगळा थाट! वर्गात मुलं हाताची घडी घालून चित्रासारखी बसलेली. काकीसांनी सरबताकडे बघितलंही नाही. पुढच्या बाकावरच्या एका मुलाला म्हणाल्या, "बेटा, तू पितोस तेच पाणी मला आणून दे."

पोरगं उठलं, दारापर्यंत गेलं, डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं, आणि परत येऊन मॅनेजरला विचारतं, "चाचाजी, पानी कहाँ रखते हैं यहाँ?"

काकीसा उठल्या आणि मॅनेजरला म्हणाल्या, "मुलं गोड आहेत. ज्यांची आहेत त्यांना संध्याकाळच्या आत परत करा."

०००

त्याच सुमाराला एक अर्ज आमच्याकडे आला आणि अडकला. झोटवाड्याच्या पलीकडे कातडं कमावणाऱ्यांची आणि मोजड्या शिवणाऱ्यांची वस्ती होती. तिथली गुलाबबाई कुठल्याशा आश्रमात लिहायला-वाचायला शिकून आली होती आणि वस्तीतल्या मुलींना खेजडीच्या झाडाखाली शिकवत होती. ऊन चढलं की शाळा सुटायची, आणि सुटली की मुली आयांबरोबर कामाला जायच्या, त्या दुसऱ्या दिवशी येतीलच असं नाही. तिला दोन खोल्या हव्या होत्या.

मी तो अर्ज वर ठेवायची, वकीलसाहेब तो खाली सरकवायचे. मला म्हणायचे, "तिकडचा रस्ता खराब आहे, लेलेजी. गाडी जाणार नाही."

रस्ता खराब नव्हता, हे त्यांनाही माहीत होतं आणि मलाही. काकीसा त्या वस्तीत जाऊन पाणी पितील का, हा प्रश्न होता, आणि तो त्यांना विचारायची वकीलसाहेबांची छाती नव्हती. प्यायल्या तर बिरादरीत बोंब, आणि न प्यायल्या तर ट्रस्टचं हसं. त्यापेक्षा रस्ता खराब असलेला बरा! मला मात्र त्या खेजडीखालच्या मुलींची खरंच काळजी वाटायची. उन्हाळा तोंडावर आला होता.

०००

आमेरच्या काही मंडळींना एक जुनी बावडी, म्हणजे पायऱ्यांची विहीर, साफ करायची होती. आम्ही गेलो, काकीसा पायऱ्या उतरल्या आणि सवयीनं म्हणाल्या, "पाणी द्या."

मंडळी एकमेकांकडे बघायला लागली. त्यांचा म्होरक्या हात जोडून म्हणाला, "काकीसा, हे पाणी म्हशीसुद्धा पीत नाहीत. म्हणून तर अर्ज केला!"

आता आली का पंचाईत! नियम मोडायचा तर वाईट दिसतं, आणि पाळायचा तर काकीसा हॉस्पिटलात. त्यांनी त्या हिरव्या पाण्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. "लेलेजी, तुम्ही सेक्रेटरी. ट्रस्टतर्फे तुम्ही प्या."

मी म्हटलं, "काकीसा, ट्रस्टतर्फे मी फक्त सही करते!"

त्या पायरीवर बसून इतक्या हसल्या, की वकीलसाहेब घाबरून वरून धावत आले. बावडीला पैसे मिळाले. नियमात काकीसांनी तिथल्या तिथे सुधारणा केली, की बावडी असेल तर पाणी नंतर.

०००

पण पाण्याची गोष्ट गावभर झाली. मग विचारूच नका! जिथे जाऊ तिथे केवड्याचं पाणी, गुलाबाचं पाणी, चांदीच्या पेल्यात बर्फाचं पाणी. मुरलीपुऱ्यात तर एका संस्थेनं वेशीपासून दारापर्यंत माठच मांडले होते! एकेका दिवशी इतक्या ठिकाणी पाणी व्हायचं, की परतताना काकीसा मोटारीत गप्प बसायच्या आणि नाथूजी न सांगता गाडी जोरात हाणायचे.

एकदा असाच दिवस. शेवटची भेट एका कन्याशाळेची. इमारत झकास, मोठ्या बाईंनी रुप्याच्या तबकात पेला पुढे केला. काकीसांनी हात आडवा केला. "पाणी नको. संडास दाखवा."

मोठ्या बाईंचा चेहरा पांढरा! संडास नव्हताच.

"मग मुली काय करतात?"

"जी, मुली पाणी पीत नाहीत."

शाळेनं स्टेजसाठी अर्ज केला होता. मंजूर झाला संडास. आणि त्या दिवसापासून आमच्या इन्स्पेक्शनमध्ये एका कलमाची भर पडली. वकीलसाहेबांनी त्याला इंग्रजीत काय म्हटलं ते मी इथे लिहीत नाही.

०००

पुढे दिल्लीहून एक साहेब आले. दानधर्म शास्त्रशुद्ध कसा करावा, यावर ते संस्थांना सल्ला देत हिंडायचे. सुटाबुटातले, पाइप ओढणारे. त्यांनी बैठकीत नकाशा पसरला आणि चिकाकडे तोंड करून विचारलं, "मॅडम, अर्ज इतके आणि पैसा मर्यादित. तुम्ही निवड कशी करता? तुमचा प्रायॉरिटीचा निकष काय?"

मी भाषांतर केलं. पडद्याआडून उत्तर आलं, "आधी येईल त्याला नाही. परत येईल त्याला. ज्याला खरंच हवं असतं तो परत येतो."

साहेबांनी ते लगेच वहीत उतरवून घेतलं. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "मग झोटवाड्याच्या गुलाबबाईचं काय? ती बिचारी येते, दरवाज्याबाहेर उन्हात बसते आणि जाते. अख्खा हिवाळा गेला!"

वकीलसाहेबांना एकदम ठसका लागला. साहेबांचा पाइप विझला. चिक वर झाला, आणि बैठकीत कधीही पडद्याबाहेर न येणाऱ्या काकीसा सरळ बाहेर आल्या.

"कोण गुलाबबाई?"

मी सांगितलं. वस्ती, झाड, मुली, दोन खोल्या, सगळं. कुणाची वस्ती तेही सांगितलं. वकीलसाहेब घाम पुसत म्हणाले, "काकीसा, रस्ता..."

"नाथूजी!" काकीसांनी हाक मारली. "झोटवाड्याचा रस्ता कसा आहे?"

नाथूजी दारातूनच म्हणाले, "एकदम फर्स्ट क्लास, हुकुम!"

०००

दुसऱ्या दिवशी सकाळीच निघालो. वकीलसाहेब पुढच्या सीटवर, मांडीवर पाण्याची सुरई घेऊन. ती कशासाठी, हे कुणी विचारलं नाही.

खेजडीखाली शाळा भरली होती. गुलाबबाई उंच, सावळी, आवाज खणखणीत. तिनं खाट टाकली, काकीसा बसल्या. मुलींनी बाराखडी म्हटली, पाढे म्हटले, एका छोटीनं तर काकीसांचं नाव पाटीवर लिहून दाखवलं. वस्तीतली माणसं जरा लांब उभी राहून बघत होती. मग काकीसा पदर सावरून म्हणाल्या, "गुलाब, पाणी पाव."

पाव म्हणजे पाज. वकीलसाहेब लगबगीनं पुढे आले. "काकीसा, सुरई आहे गाडीत..."

"मी तुला नाही विचारलं."

पण गुलाबबाई जागची हललीच नाही. हात जोडून, मान ताठ ठेवून म्हणाली, "काकीसा, पानी नहीं पिलाऊँगी."

दोन खोल्या माझ्या डोळ्यांसमोर कोसळल्या! त्या मुली आमच्याकडे टकामका बघत होत्या, आणि मला त्या बाईला गदागदा हलवावंसं वाटत होतं.

"का?" काकीसांनी विचारलं.

"आप देखने आयी हैं, हम कैसे लोग हैं. देखिए. पर जिनसे लेना है, वो कैसे हैं, ये हम भी तो देखें! आपके दरवाज़े पर मैं सारा जाड़ा बैठी. किसी ने पानी का नहीं पूछा."

वकीलसाहेबांनी मोटारीचं दार उघडलं. "चला काकीसा. झालं इन्स्पेक्शन."

काकीसा उठल्या. मोटारीपाशी गेल्या. मला वाटलं, संपलं. त्यांनी मागचा पडदा बाजूला केला, आत सरकून बसल्या, शेजारची जागा हातानं झटकली आणि म्हणाल्या, "आ, बैठ."

गुलाबबाई बसली. मी तिच्या पलीकडे. सगळा रस्ताभर वकीलसाहेबांच्या मांडीवरची सुरई डचमळत होती.

हवेलीचा मोठा दरवाजा ओलांडला, पहिला चौक, मग आतला चौक. परिंड्याशी, म्हणजे पिण्याचे माठ ठेवतात त्या कट्ट्याशी, स्वयंपाकाचे महाराज उभे होते. त्यांनी गुलाबबाईला बघितलं, लोटा उचलला आणि वरून धार सोडायची म्हणून हात लांब केला. ओंजळ धर, अशी खूण केली. मीसुद्धा त्या चौकात कधी परिंड्याला हात लावला नव्हता.

काकीसांनी महाराजांच्या हातातून लोटा काढून घेतला आणि गुलाबबाईच्या हातात दिला. माठाकडे बोट दाखवलं. "तू आप ले." म्हणजे तुझं तू घे.

महाराज ओरडलेच. "काकीसा! सारे माठ फोडावे लागतील!"

"फोडा," काकीसा म्हणाल्या. "तिचं पिऊन होऊ द्या."

गुलाबबाईनं माठावरचं झाकण काढलं, लोटा बुडवला आणि उभ्यानंच, सावकाश, सगळा प्यायली. झाकण जागेवर ठेवलं. ओढणीनं तोंड पुसलं. आम्ही सगळे तिच्या तोंडाकडे बघत होतो, काकीसासुद्धा.

"पाणी चोखो छै," ती म्हणाली. "चालो काकीसा, अब थांकी बारी!"