आंघोळीआधीचा चहा आणि चार वेद

आमच्या घरी चार वेद होते आणि कुणी एकही वाचलेला नव्हता. सासऱ्यांनी, म्हणजे आमच्या मामाजींनी, ते कधीतरी गोंदियाहून हिंदी अर्थासकट आणले, लाल कापडात बांधले आणि देवघरात ठेवून दिले. तेव्हापासून घरातला प्रत्येक नियम तिथून निघू लागला. शनिवारी नखं कापायची नाहीत, वेदात लिहून आहे. आंघोळीआधी चहा नाही, वेदात लिहून आहे. मी लग्न होऊन आल्यापासून हे ऐकत होते, सासूबाई त्याच्याही आधीपासून. थंडीत त्यांचे गुडघे धरतात. अंथरुणातून उठायलाच त्यांना चहा लागतो, आणि तो मिळायचा कुडकुडत आंघोळ उरकल्यावर.

मागच्या पौषात देवघराच्या फळीला उधई, म्हणजे वाळवी, लागली. मी कापड सोडलं, ग्रंथ झटकले आणि अंगणात धानाच्या पोत्यांवर उन्हात मांडले. कोंबड्या हाकलायला मामाजी बाजेवर बसले.

"सोडलेच आहेत, तं चहाचं कुठं लिहून आहे ते पाह्य ना बाई," सासूबाई मला म्हणाल्या.

"असं मधातूनच नाही वाचत," मामाजी म्हणाले.

"काऊन? पहिल्या पानापासून ऐकाले मी का शंभर वर्षं राह्यणार आहो?"

मी ऋग्वेद उघडला. कुठे गाई मागितलेल्या, कुठे पाऊस, कुठे मुलं.

"हे तं आपल्यासारखेच मागून राहिले!" सासूबाई खूश.

चहा मात्र सापडेना. नवव्या मंडळात सोमरस लागला. पानंच्या पानं तेच. वनस्पती दगडानं कुटायची, रस लोकरीतून गाळायचा, दूध घालायचं आणि देवांना द्यायचा.

सासूबाई ताठ बसल्या. "कुटलं, गाळलं, दूध टाकलं. अद्रकाचा चहाच झाला ना हा!"

"देवाचा रस आहे तो!"

"मंग पहिले देवानं आंघोळ केली होती काय? पाह्य बाई."

मी आणखी चार पानं चाळली. "सोमाला धुतात असं आहे. पिणाऱ्याला धुतल्याचं दिसत नाही."

"हिंदीवाल्यानं सोडलं असन," मामाजी पुटपुटले आणि उगाच एका कोंबडीवर ओरडले.

दुसऱ्या दिवशी पहाटे सासूबाईंनी अंथरुणातच चहा घेतला. आल्याचा वास घरभर गेला. थोड्या वेळानं मामाजी शाल गुंडाळून दारात उभे.

"माझा कुठं आहे?"

"तुम्ही आंघोळ करून या," सासूबाई म्हणाल्या आणि रिकामा कप पुन्हा भरायला माझ्यापुढे धरला.