चिकटलेला तामाल

त्लातेलोल्कोच्या बाजारात सेंतेवा तामाल विकायची. मक्याचं पीठ मक्याच्याच पानात गुंडाळून हंडीत वाफवायचं, एवढंच काम. तिचा तामाल हंडीला चिकटलेला कुणी पाहिला नव्हता. चिकटलाच तर ती तो गुपचूप खाऊन टाकी. लेक मारिया त्यावरून कटकट करी. मारिया हे नाव पाद्र्याने ठेवलेलं. त्या दिवशी रांगेतल्या सगळ्याच पोरींचं त्याने तेच ठेवलं होतं.

चिकटलेला तामाल पुरुषाने खाल्ला तर लढाईत त्याचा बाण चुकतो आणि पोटुशीने खाल्ला तर मूल पोटात अडतं, हे त्या गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

समुद्रापलीकडून आलेल्या दाढीवाल्यांनी तळ्यातल्या या शहराला वेढा घातला तेव्हा मारिया पोटात होती, सेंतेवाचे दिवस भरत आले होते. नवरा चिमाल तिरंदाज. गोडं पाणी तुटलं होतं, देवीच्या साथीत सासू गेली होती, शेजारी ढालीचं कातडं भिजवून चावत होते. सेंतेवाने मूठभर मका दडवून ठेवला होता. आगीला भिऊ नका म्हणून तिने रीतीप्रमाणे दाण्यांवर फुंकर घातली. शहरात न भिणारे तेवढेच उरले होते. छपराचं लाकूड जाळून तिने दोन तामाल केले. एक अलगद निघाला. दुसरा तळाला चिकटला.

"चांगला तुम्ही खा," ती म्हणाली. "तुम्हाला तळ्याच्या बंधाऱ्यावर लढायला जायचंय."

"आणि तू?"

"मला भूक नाही."

"खोटं बोलायला तरी अंगात ताकद ठेव गं! चांगला तू खा, मी खरवड खातो."

"आणि नेम चुकला म्हणजे? शहर बुडालं तर लोक माझ्या हंडीला शिव्या घालतील."

"अगं, बाण परवाच संपले. आता दगड मारतो आम्ही. नियम बाणाचा आहे, दगडाचा नाही."

सेंतेवाने विचार केला. तिला यात खोट सापडेना. सासू असती तर तिने काढली असती.

चिमालने नखांनी हंडी खरवडून खाल्ली. "आईपेक्षा बरा करतेस," असं म्हणून तो गेला. सासूच्या हयातीत हे बोलायची त्याची छाती झाली नव्हती.

दुसऱ्या दिवशी शेजारचा ओसेलो चिमालचा भाता घेऊन आला. चिमाल आला नाही. भात्यात बाण होते.

"हे कुठले?" तिने विचारलं.

"त्याचेच, उरलेले, वहिनी. चांगला भरलेला भाता आम्हाला वाटून टाकला आणि स्वतः दगड मारत राहिला. अरे वेड्या, निदान एक तरी सोड म्हटलं. तर म्हणे, नको, आज माझा नेम लागायचा नाही."

सेंतेवा भाता उराशी धरून रडली. पुढे शहर पडलं आणि उरलेली माणसं बाहेर निघाली. वाटेत बंधाऱ्यावरच ती बाळंत झाली. सुईण नव्हती, पाणी नव्हतं, पण पोर अडली नाही.

"आई, रोज चिकटलेलाच काय खातेस?" मारिया आता विचारी. "कधी चांगला खा की!"

"चांगला तेव्हाच तुझ्या वाटणीला गेला," सेंतेवा म्हणे आणि हंडी खरवडू लागे.