सुलाबाईची फेसलेली मोहरी

मोहरी आणि राई एकच का, असं बोरीच्या सुलाबाईला कुणी विचारलं की ती हातातलं काम खाली ठेवायची.

"दुकानदाराला एकच," ती म्हणायची. "काळी टपोरी ती मोहरी, फोडणीची. बारीक, तपकिरी ती राई. नाव मोहरी फेसायचं, पन फेसायला राईच पायजे. काळी तडतडती, राई चढती." आणि नाकाच्या शेंड्याला बोट लावून हसायची.

तिच्या दोन एकरांत हरभऱ्याच्या कडेनं दरवर्षी राईच्या चार ओळी असत. फेसायची रीत आईची. राई पाट्यावर घ्यायची, गार पाणी थेंबाथेंबानं द्यायचं, पांढरा फेस सुटेस्तोवर वरवंटा थांबवायचा नाही. चाखली तर आधी कडूजहर लागते. घटकाभर झाकून ठेवली की कडूपणा उतरतो आणि झणका वर येतो. मग मीठ, मग लिंबू. पाणी जरा कोमट झालं तरी सगळं फुकट. तिच्या हातची मोहरी घातलेलं गाजराचं लोणचं खाताना तिचा नवरा सिताराम दर घासाला डोळे पुसायचा आणि पुन्हा वाढ म्हणायचा.

ही रीत तिनं घराबाहेर एकाच बाईला दिली होती. राजेश्रीला.

राजेश्री पिंगळीहून बोरीत सून म्हणून आली तेव्हा एकोणीस वर्षांची होती. कापूस वेचायला दोघी एकाच शेतात जात. राजेश्रीच्या सासूचा नियम कडक होता. बौद्धवाड्यातल्या बाईला पाणी द्यायचं तर वरून ओंजळीत. सुलाबाई एकदाच तशी प्याली, नंतर तहान लागली तरी त्या घरी थांबली नाही. पण राजेश्री निराळी निघाली. पहिलं बाळ पोटातच गेलं तेव्हा ती माहेरी न जाता सुलाबाईच्या घरी आली, उंबरा ओलांडून थेट चुलीपाशी बसली. सुलाबाईनं तिला ताटाला ताट लावून जेवू घातलं. तेव्हापासून बावीस वर्षं ती "आक्का" म्हणत आली. सुलाबाईला सख्खी बहीण नव्हती. तिला ती उणीव वाटेनाशी झाली.

मागच्या हिवाळ्यात त्यांच्या बचत गटाला परभणीच्या प्रदर्शनात जागा मिळाली. गटाची अध्यक्ष राजेश्री. तीच म्हणाली, "आक्का, पापड समदेच नेतेत. आपन तुझी मोहरी नेऊ."

सुलाबाईनं आठ दिवस पाटा सोडला नाही. डोळे लाल, नाक सुजलेलं, पण मनातून लय खुशीत. साठ बरण्या भरल्या. बरण्यांवर लावायच्या चिठ्ठ्या छापून आणायचं काम राजेश्रीकडं होतं. निघायच्या आदल्या दिवशी ती म्हणाली, "तू नको येऊस. दिवसभर उभं राहावं लागतंय, तुझे गुडघे दुखतेत." सुलाबाईला ती काळजीच वाटली.

पण दुसऱ्या दिवशी तिला घरी करमेना. राजेश्रीला बाहेरचं तेलकट बाधतं, हे तिला ठाऊक. तिनं ज्वारीच्या चार भाकरी थापल्या, मेथीची भाजी केली, डबा बांधला आणि सकाळच्या एसटीनं परभणी गाठली.

मंडपात गर्दी होती. गटाच्या टेबलाभोवती पाचसहा बाया उभ्या होत्या, म्हणून सुलाबाई मागं थांबली. पुढची चष्मेवाली बाई बरणी हातात घेऊन विचारत होती, "ही मोहरी की राई हो?"

"राई, ताई," राजेश्री म्हणाली. "दुकानदाराला दोन्ही एकच. पण काळी तडतडते, राई चढते." आणि तिनं नाकाच्या शेंड्याला बोट लावलं.

बाया हसल्या. मागं सुलाबाईही हसली.

"कुणी शिकवलं तुम्हाला?"

"सासूबाईंनी. आमच्या घरातली चार पिढ्यांची रीत आहे ही."

सुलाबाईचं हसू तोंडावरच राहिलं. तिनं पुढं होऊन टेबलावरची बरणी उचलली. हळूहळू अक्षरं जुळवली. 'राजेश्रीची घरगुती मोहरी.' खाली सासूचं नाव आणि 'यांच्या स्वयंपाकघरातून'.

राजेश्रीनं तिला पाहिलं. बाया पांगल्या.

"सासू म्हनलीस, राजा," सुलाबाई म्हणाली. "जी मला वरून पानी वाढायची, ती?"

"आक्का, हळू बोल."

"माझं नाव इसरलीस का?"

"इसरीन कशी?" राजेश्रीनं बरणी तिच्या हातातून काढून घेतली. "तूच सांग. तुझं नाव, आडनाव लिवलं असतं, अन् एखादीनं ते वाचून बरनी खाली ठिवली असती, तर तुलाच लागलं असतं ना? मी तुझ्यासाठीच केलं."

"ठिवली का कुनी खाली?"

"अजून न्हाई. पन..."

"मंग पैली तूच," सुलाबाई म्हणाली.

सुलाबाईनं पिशवीतून डबा काढून टेबलावर ठेवला, कारण तो तिच्यासाठीच आणला होता, आणि ती बसस्टँडकडं चालू लागली.

घरी सितारामनं विचारलं, "जेवली का राजेश्री?"

"जेवली असंल," ती म्हणाली आणि न जेवता पडली.

पुढच्या बैठकीत तिनं गट सोडला. कारण विचारलं तर राजेश्रीकडं न बघता म्हणाली, "अध्यक्षबाईला इचारा." अध्यक्षबाई मिटिंगची वही चाळत राहिली. आठवड्यानं ती दाराशी आली, उंबऱ्याबाहेरच उभी राहिली. "चुकलं माझं, आक्का."

"हे गटासमोर म्हन. पुढच्या बैठकीला मी येते, मागं बसते."

राजेश्रीनं मान हलवली. पण पुढच्या बैठकीत ती काही बोलली नाही, आणि त्याच्या पुढच्यातही नाही.

बरण्या निघत राहिल्या. आता राजेश्री स्वतःच फेसते. उन्हाळ्यात सुलाबाईच्या सुनेनं, नीलमनं, जिंतूरच्या दुकानातून एक बरणी रागानंच आणली. "चाखा, आत्या. तुमच्यासारखी जमनारच न्हाई तिला."

सुलाबाईनं बोटावर घेऊन चाखली. कुठं कडू नाही, कुठं मंद नाही. अगदी बरोबर. बिघडली असती तर बरं झालं असतं, असं तिला वाटून गेलं. जीव लावून शिकवलं होतं ना, एकही गोष्ट मागं ठेवली नव्हती.

परवा पिठाच्या गिरणीत दोघींची गाठ पडली. लाईट गेली होती, बाया डबे घेऊन खोळंबल्या होत्या. बाकावर बसलेली राजेश्री सुलाबाईला बघून सरकली, शेजारी जागा केली, पदरानं फळी पुसली.

सुलाबाईचे गुडघे लय दुखत होते. लाईट यायला पाऊण तास लागला. ती भिंतीला टेकून उभीच राहिली.